डिस्चार्जनंतरचा फोन

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला आपण घरी पाठवतो आणि त्याच दिवशी त्याची फाइल मिटते. मी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात काम करते. हे बघून जीव तुटतो, म्हणून लिहितेय.

डिस्चार्ज कार्डावर शेवटी 'मानसोपचार ओपीडीत दाखवणे' एवढी एक ओळ असते. नातेवाईक जाबजबाबाने आणि बिलाने थकलेले असतात. गावात काय सांगायचं ते गाडीत बसायच्या आत ठरतं: पोटात दुखत होतं. मग ओपीडीला कोणी फिरकत नाही आणि का आला नाहीत, हे आपल्याकडूनही कोणी विचारत नाही. घरी गेल्यानंतरचे पहिले आठवडेच सगळ्यात जोखमीचे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो आणि ब्राझील, इराण, चीनमधल्या एकेका शहरात १,८६७ जणांवर एक अभ्यास केला होता. निष्कर्ष २००८ साली आले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी जाताना तासभर बोलणं झालं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा घरभेट. दीड वर्षानंतर पहिल्या गटातले २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते, दुसऱ्यातले ०.२ टक्के. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, हेही खरं. तरी चेन्नईत जे जमलं ते आपल्या जिल्ह्यात का जमू नये?

"फोन केले तर गर्दी वाढेल, आधीच माणसं नाहीत," हे उत्तर मला ठाऊक आहे. वाढू दे की ओपीडीची गर्दी! ती व्यक्ती स्वतःच्या पायांनी केसपेपर काढायला आली, यासारखी चांगली गोष्ट नाही. कमी व्हायला हव्यात त्या रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीतल्या खेपा. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये अशा रुग्णांना वर्षभरात प्रत्येकी फक्त आठ पोस्टकार्डं पाठवली, विचारपूस करणारी, बंद पाकिटातून. पुन्हा दाखल होणाऱ्या माणसांची संख्या फारशी घटली नाही, पण त्यांच्या खेपा जवळपास निम्म्या झाल्या. आयसीयूच्या एका खाटेचा खर्च ज्याला माहीत आहे, त्याने हा हिशेब करून बघावा.

फोन कसा करायचा, हेही शिकावं लागतं. केसपेपरवर नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा दिराचा असतो. फोन सासूबाई उचलतात, "आता बरी आहे हो ती, परत फोन नका करू," म्हणतात, आणि मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. जिच्यासाठी फोन केला ती तिथेच कुठेतरी असते. म्हणून वॉर्डात असतानाच तिला एकटीला विचारून घ्यायचं: कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की अशा व्यक्तीला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, पुन्हा तसा प्रयत्न होण्याचा धोका कमी व्हावा म्हणून. डिस्चार्ज कार्ड हातात दिलं की हे कर्तव्य संपतं, असं त्यात कुठेही नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या कामाला एक ठरलेली व्यक्ती आणि एक स्वतंत्र फोन द्या, एवढीच माझी मागणी आहे.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला आत्ता बोलायची गरज असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.