आर्किमिडीज, टॉवेल आणि सरांचा पत्र्याचा डबा

आज भाचीच्या शाळेत आर्किमिडीजवरचे नाटुकले पाहिले. टॉवेल गुंडाळलेला मुलगा "युरेका, युरेका" ओरडत रंगमंचावरून धावला, सभागृह खदखदून हसले आणि पडदा पडला. घरी येऊन दोन तास झाले तरी संताप ओसरत नाही.

मी नववीत असताना आमच्या गणिताच्या सरांनी रबरी चेंडू मधोमध कापला, त्याच्याच तोंडाचा आणि उंचीचा डबा पत्रेवाल्याकडून करून आणला आणि अर्धा चेंडू वाळूने भरून ती डब्यात ओतायला मला पुढे बोलावले. डब्याचा तिसरा हिस्सा रिकामा राहिला. गोलाचे घनफळ त्याला घट्ट वेढणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश असते, हे सिराक्यूज या प्राचीन ग्रीक नगरातल्या आर्किमिडीजने सिद्ध केले आणि आपल्या थडग्यावर हीच आकृती असावी, अशी इच्छा व्यक्त केली. इ.स.पू. 212 मध्ये रोमन सैनिकाने त्याला ठार केले; इ.स.पू. 75 मध्ये काटेरी झुडपांत हरवलेले ते थडगे रोमन वक्ता सिसेरोने त्या गोलावरून आणि वृत्तचितीवरूनच ओळखले. नाटुकल्यात यातले काय होते? टॉवेल!

न्हाणीघरातून धावण्याची कथा त्याच्या उपलब्ध ग्रंथांत कुठेही नाही; ती सुमारे दोनशे वर्षांनी रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने लिहिली. तिच्यामुळे मुलांच्या लक्षात नाव तरी राहते, एवढे मान्य करतो. पण दशांश चिन्हही नसलेल्या काळात 96 बाजूंच्या बहुभुजाकृती वर्तुळाच्या आत-बाहेर धरून ज्याने पायची किंमत 3 10/71 आणि 3 1/7 यांच्यामध्ये पकडली, त्याचे हसे करायचे? आपण पाठ केलेले बावीस छेद सात ही त्यातलीच वरची मर्यादा आहे.

सरांनी त्या दिवशी सूत्र सांगितलेच नाही. रिकाम्या जागेत पट्टी उभी धरून मोजायला लावले. पुढे कळले की आर्किमिडीजलाही हे आधी तराजूच्या कल्पनेतून उमगले होते आणि सिद्धता मागाहून मिळाली. आपला समकालीन विद्वान एराटोस्थेनिस याला त्याने तसे मोकळेपणाने लिहिले. ते लेखन असलेले चर्मपत्र खरवडून 1229 मध्ये त्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या आणि पुसट अक्षरांतून डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी ते 1906 मध्ये ओळखले.

त्या मुलावर माझा राग नाही. जीव ओतून धावला बिचारा. येताना रबरी चेंडू घेतला आहे. भाची रविवारी येणार आहे. मापाचा डबा करून देणारा पत्रेवाला कुणाच्या ओळखीचा असल्यास कृपया कळवावे.