अडतिसावा

पंगत बसली की लोक मठ्ठा कुठवर आलाय ते बघतात. मी डोकी मोजतो. मुद्दाम नाही हो. नजर आपोआप डाव्या टोकाला जाते आणि ओठ हलायला लागतात. परवा मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात शेजारच्या आजींना वाटलं, माणूस जप करतोय. त्यांनी मला चक्क नमस्कार केला.

हे दुखणं मला १९९८ च्या मे महिन्यात जडलं. कॉलनीतली अकरा पोरं घेऊन मी सिंहगड चढलो आणि अकराच्या अकरा परत आणली. एवढ्यावर आईबाप इतके खूश झाले, की पुढच्या रविवारी फाटकाशी एकोणीस पोरं उभी. तेव्हापासून उन्हाळी सुट्टी, पावसाळा, दिवाळीनंतरची थंडी, काही सोडलेलं नाही. कुणाची ना कुणाची पोरं डोंगरावर चढवायची आणि उतरवायची. घ्यायचे ते एसटीचं भाडं आणि जेवणाचे पैसे. मानधन म्हणाल, तर शेवटच्या दिवशी उरलेला चिवडा. हल्ली तोही उरत नाही.

सुरुवातीला मी ‘दादा’ होतो. मधे काही आयांनी ‘सर’ करून बघितलं, ते टिकलं नाही. गेल्या वर्षी तोरण्याच्या वाटेवर एक चिमुरडी म्हणाली, “दादा, माझी आईपण तुमच्याबरोबर यायची. ती म्हणाली, ते अजून चढत असतील तर बिनधास्त जा.”

पोटापाण्याला मी बँकेत कॅशियर होतो. म्हणजे आठवडाभर नोटा मोजायच्या आणि रविवारी पोरं. नोटा बऱ्या. शंभराची गड्डी बांधून ठेवली की शंभराचीच राहते, त्यातली एखादी नोट ‘दादा, शू’ म्हणून करवंदीच्या जाळीमागे जात नाही. पण बँकेनं मला एक गोष्ट शिकवली. संध्याकाळी कॅश कमी भरली, तर एक वेळ परवडतं. खिशातून भरा आणि घरी जा. जास्त भरली की खरी पंचाईत. ते पैसे कुणाचे? रजिस्टरात नोंद करा, संड्री म्हणजे किरकोळ खात्याला टाका, मॅनेजरची सही घ्या, आणि कुणी रडत येतंय का याची वाट बघा. डोंगरात हे ज्ञान उपयोगी पडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

एका वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही काजवे बघायला राजमाचीला निघालो. पोरं सदतीस, मी, आणि शेवटाला बॅकलीड म्हणून माझाच एक जुना विद्यार्थी, जो आता इंजिनिअर होऊन मलाच आहाराबद्दल सल्ले देतो. लोणावळ्याहून गडाखालच्या उधेवाडी गावापर्यंत पंधराएक किलोमीटरची चाल. चढ फारसा नाही, पण संपत नाही. पहिल्या किलोमीटरला पहिला ‘दादा, अजून किती?’ आला. त्याला माझं ठरलेलं उत्तर आहे, “हे काय, त्या वळणापलीकडे.” एवढ्या वर्षांत मी या सह्याद्रीत जितकं खोटं बोललोय, तितकं कर्ज मागायला आलेलं गिऱ्हाईकही बोललं नसेल.

चौथ्या किलोमीटरला सहावीतला एक गुटगुटीत मुलगा मटकन खालीच बसला. सॅक उघडून बघितली. सामानाच्या यादीत ‘दोन लिटर पाणी’ असं मी ठळक लिहिलं होतं. त्याच्या आईनं त्यावर स्वतःचा विचार केला होता. आत टॉवेलात गुंडाळलेलं एक अख्खं कलिंगड होतं.

“आई म्हणाली, पाणी गरम होतं, हे गार राहतं.”

युक्तिवाद बिनतोड होता. पुढचे अकरा किलोमीटर ते कलिंगड माझ्या पाठीवर गार राहिलं.

गावात पोचलो, पिठलं-भाकरी झाली, अंधार पडला. काजव्यांच्या दिवसांत उधेवाडीत पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक ओसरीवर एकेक ग्रुप. पोरांना ओळीनं गावाबाहेर नेलं आणि टॉर्च बंद करायला लावले, कारण उजेड पडला की काजव्यांचा कार्यक्रम बिघडतो. दोन मिनिटं कुरकुर झाली. मग समोरचं झाड पेटलं. अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं, पुन्हा एकदम उजळायचं. शेजारचं झाड त्याच्या मागोमाग. सदतीस तोंडं एकाच वेळी बंद झालेली मी त्याआधी फक्त पिठलं वाढताना ऐकली होती.

“दादा, ते असं का करतात?”

“नर चमकतो, मादीला कळावं म्हणून. ओळख पटवायला.”

“म्हणजे आधार कार्ड?”

सगळे हसले आणि मला एकदम आठवलं, की मोजायचं राहिलंय. टॉर्च लावायची सोय नाही. ‘आपापला नंबर म्हणा’ ही पद्धत मी कधीच सोडून दिलीय; एकोणीस दोघं म्हणतात, वीस कुणीच म्हणत नाही, आणि झोपलेल्याची हजेरी मित्र लावतो. तेव्हा हातानं चाचपत, एकेका डोक्यावर टपली मारत निघालो. वेणी, टोपी, चंपी, टोपी, तेलकट. शेवटाला पोचलो तर अडतीस.

पुन्हा मोजलं. अडतीस. बॅकलीडला मोजायला लावलं, तो अडतीस म्हणाला आणि वर “चांगलंय ना दादा, कमी तर नाही” म्हणाला. म्हटलं, बाळा, तू बँकेत नव्हतास.

ओसरीवर आणून बघावं तर तिथं एकच दिवा, तोही डुलक्या घेणारा, आणि मातीनं सगळ्यांचे चेहरे सारखे झालेले. “आपला नसलेला हात वर करा” म्हटलं, तर आठ हात वर आले. तेव्हा मला कलिंगड आठवलं. घरच्या वहिनींकडून विळी आणली आणि मोजून सदतीस फोडी केल्या. हिशेब सोपा होता: ज्याचा हात रिकामा, तो परका.

फोडी वाटल्या. एक हात रिकामा राहिला आणि त्या हाताच्या मालकानं भोकाड पसरलं. तो कलिंगडवालाच होता.

मग परका कोण? कोपऱ्यात एक लुकडा मुलगा फोड सालापर्यंत कोरून झाल्यावर साल चाटत बसला होता. अशी एकाग्रता माझ्या पोरांत नाही.

“काय रे, तू कुणाचा?”

“पलीकडच्या घरातल्यांचा.”

“मग इथं काय करतोयस?”

“आमच्यात मॅगी होती. तुमच्याकडून पिठल्याचा वास आला.”

म्हणजे हा गृहस्थ जेवणापासून आमच्यात होता! त्याचं बखोट धरून पलीकडे गेलो. तिथं अंगणात पंचविशीतला एक पोरगा, गळ्यात शिट्टी, घामानं थबथबलेला, ओळीसमोरून मागेपुढे करत होता. त्याचे ओठ हलत होते. मी लुकड्याला नुसता ओळीत ढकलला. पोरगा शेवटपर्यंत आला, थबकला, पुन्हा मोजलं, आणि पायरीवर बसून त्यानं शिट्टीच तोंडात धरली. वाजवली नाही, नुसती धरली. मी त्याला पाणी दिलं. कितवा ट्रेक, विचारलं, तर म्हणाला, “दुसरा.”

रात्री झोपताना मोजलं, सदतीस. पहाटे मोजलं, सदतीस. एवढं समाधान मला निवृत्तीच्या दिवशीही झालं नव्हतं. पोहे खाऊन, राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला चढायला निघायच्या आधी, सवयीनं एकदा बोट फिरवलं.

छत्तीस.

पुन्हा. छत्तीस. बॅकलीड काही बोलायच्या आत शिट्टीवाला पोरगा अंगणात आला. त्याच्या हाताला धरून आमचा कलिंगडवाला, ओठांना पिवळा मसाला.

“दादा, हा तुमचा का?” त्यानं विचारलं. “आमच्यात एक जास्त भरतोय.”