‘शेवटचं गाव’ आणि आमचे काका

चवथ आटोपली, गणपतीवरची माटोळी उतरली, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा येऊन पडला. नेपाळच्या अप्पर मुस्तांगमधल्या लो मान्थांग गावाच्या तटबंदीचा सुरेख फोटो आणि वर मजकूर: ‘नेपाळ-चीन सीमेवरचं शेवटचं गाव! व्हिसा नाही, परमिट नाही, नुसतं आधार कार्ड. सगळीकडे यूपीआय. भर पावसाळ्यातही कोरडं. तिबेटमध्ये पाऊल टाकून या. गोवा ते गोवा सात दिवस, पंचवीस हजार.’ फोंड्याच्या काकांनी त्याखाली लिहिलं, ‘येत्या मे महिन्यात सगळे जाऊया.’ त्यावर सतरा अंगठे. म्हणून हे एवढं लांबलचक उत्तर.

दोन वर्षांमागे मी आईला मुक्तिनाथला घेऊन गेलो होतो. देवघरातला शाळिग्राम जिथून येतो ती कालीगंडकी तिला पाहायची होती. जोमसोमहून जाताना वाटेत कागबेनी लागतं. दुपारचे दोन वाजले होते. वारा असा की जीपचं दार लावायला दोघं लागलो आणि आईचा स्कार्फ उडाला तो थेट नदीच्या पात्रात. गावाच्या उत्तर टोकाला चौकी आणि फलक: इथून पुढे अप्पर मुस्तांग, परवान्याशिवाय प्रवेश नाही. आम्ही फलकाचा फोटो काढला, फापराची, म्हणजे आपल्या कुट्टूची, रोटी खाल्ली आणि मागे फिरलो. मेसेजमधल्या बऱ्याच गोष्टी या फलकापर्यंत खऱ्या आहेत. कुणीतरी मुक्तिनाथचा अनुभव उचलला आणि फोटो मात्र पुढचा लावला.

‘भारतीयांना व्हिसा नाही, म्हणजे परमिटही नाही.’ पहिलं खरं, दुसरं खोटं, आणि मधला ‘म्हणजे’ सगळ्यात खोटा. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा लागत नाही. पण देशात शिरणं वेगळं आणि त्या देशाच्या सरहद्दीवरच्या भागात शिरणं वेगळं. आपल्याच अरुणाचलात जायला आपल्याच नागरिकाला इनर लाइन परमिट काढावं लागतं, तिथे नेपाळने का सोडावं? या भागाला इतिहासही आहे. तिबेटमधून आलेल्या, चीनशी लढणाऱ्या खंपा बंडखोरांचा तळ १९६०पासून १९७४पर्यंत मुस्तांगमध्येच होता. परदेशी माणसाला लो मान्थांगचं दार उघडलं ते १९९२मध्ये, तेही परवाना आणि शुल्क लावून. त्या शुल्काच्या बाबतीत आपण परदेशीच. ते भरायचं डॉलरमध्ये आणि परवाना निघतो नोंदणीकृत ट्रेकिंग एजन्सीमार्फत, सोबत गाइड घेऊन. काउंटरवर उभं राहून आपला आपण काढता येत नाही. हिशेब माणशी दिवसाला ५० डॉलर पडतो. वर्षानुवर्षं तर १० दिवसांचे ५०० डॉलर एकदम मोजावे लागत, तुम्ही तीनच दिवस राहा. पाच दिवसांचे २५० डॉलर धरले तरी वीस हजारांच्या वर गेले. मेसेजमधल्या पंचवीस हजारांतून आता विमान, जीप, गाइड, जेवण आणि झोपणं काय ते बसवा.

फलकाच्या अलीकडेही अगदीच फुकट नाही. मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं, त्याचा प्रवेश परवाना सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपयांना मिळतो. म्हणजे आपले ६२५.

‘नुसतं आधार कार्ड.’ याचं मूळ मला सापडलंय, ते आमच्याच घरात आहे. काका अडुसष्ट वर्षांचे. पासष्टच्या वरच्या आणि पंधराच्या खालच्या भारतीयांना वय आणि ओळख पटवायला फोटो असलेलं आधार चालतं, २०१९पासून. काका गेल्या वर्षी पशुपतिनाथला आधारवर जाऊन आले आणि तेव्हापासून सांगत सुटलेत. काकी एकसष्ट. तिला पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवंच. आधार घेऊन विमानतळावर गेली तर चेक-इनच्या काउंटरवरून परत.

गोव्यात यात आणखी एक गुंता असतो, तो मेसेज लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. म्हापशाच्या मावसभावाने पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय. जुनं मतदार कार्ड अजून त्याच्या कपाटात आहे आणि ‘तेच दाखवतो’ असं तो हसत म्हणाला. बाबा रे, हसू नकोस. परक्या देशाचं नागरिकत्व घेतलंस त्या दिवशी भारतीय नागरिकत्व संपलं. ते कार्ड आता तुझं नाही आणि ते दाखवणं गुन्हा आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड भारतात परतायला, नेपाळात शिरायला नव्हे. तू काठमांडूला उतरल्यावर पोर्तुगीज म्हणून व्हिसा घे: १५ दिवसांचे ३० डॉलर. अन्नपूर्णेचा परवानाही तुला ३,००० नेपाळी रुपयांना पडेल, १,०००ला नाही.

यूपीआयबद्दल फार बोलत नाही. २०२४पासून नेपाळच्या दुकानांतला क्यूआर आपल्या ॲपने स्कॅन होतो, पोखऱ्यात मी चहाचे पैसे तसे दिलेत. पण क्यूआरला नेटवर्क लागतं, नेटवर्कला वीज लागते. जोमसोम सोडताना खिशात नेपाळी नोटा असू द्या. शंभराचे एकशेसाठ, हा भाव १९९३पासून हललेला नाही, तेव्हा कुणी कमी देत असेल तर दुसरं दुकान बघा.

‘पावसाळ्यातही कोरडं’ हे अर्धं खरं. लो मान्थांग धौलागिरी-अन्नपूर्णेच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत आहे. तिथे पाऊस खरंच कमी. पण तिथवर पोचायचं ते बेनी-जोमसोम रस्त्याने, आणि तो डोंगराच्या भिजणाऱ्या बाजूने वर चढतो. चोर्ल्याला दरड पडली तर आपण अनमोडने जातो, तिथे दुसरा घाट नाही. विमान म्हणाल तर पोखरा-जोमसोम वीस मिनिटांचं, पण सकाळीच. नंतर वारा सुटतो. आणि कोरडा प्रदेशही बुडतो: ऑगस्ट २०२३मध्ये याच कागबेनीत ओढ्याला लोंढा आला आणि घरं, पूल वाहून गेले.

आता सात दिवस. माझं खरं भांडण याच्याशी आहे, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात, हिने माणूस जाऊ शकतो. आपण समुद्राच्या काठची माणसं. जोमसोम २,७००च्या थोडं वर, लो मान्थांग ३,८०० मीटर. तिथे हवेचा दाब, आणि म्हणून श्वासागणिक मिळणारा प्राणवायू, पणजीच्या जेमतेम ६३ टक्के. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये असा डॉक्टरांचा दंडक आहे. सात दिवसांच्या बेतात जोमसोमहून जीपने एका दिवसात ११०० मीटर वर नेतात आणि झोपवतात. डोकं दुखणं, उलटी, भूक मरणं इथपर्यंत थांबून बघता येतं. प्यायल्यासारखी तोल जाणारी चाल दिसली तर लगेच खाली उतरायचं. आणि इथे मेख अशी की लो मान्थांगहून खाली यायच्या वाटेवर न्यी ला ही खिंड सुमारे ४,००० मीटरवर आहे. उतरायला आधी चढावं लागतं.

यावर ग्रुपवर उपाय आले. एक, कापूर हुंगा. कापराने नाकाला गार लागतं आणि श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. रक्तात प्राणवायू कणभरही वाढत नाही. मुलांच्या हाती तो देऊही नका, पोटात गेला तर विषारी. दोन, झोपताना दोन घोट फेणी. फेणीवर माझं प्रेम आहे, पण दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि अंगातली उष्णता बाहेर जाते. शिवाय झोपेतला श्वास मंदावतो, जो तिथे आधीच कमी पडतोय. मार्फाची सफरचंदाची ब्रँडी परत येताना घ्या. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी खरी, पण काकांच्या बीपीच्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरला विचारून.

‘तिबेटमध्ये पाऊल टाका’: सीमेवरचा कोराला नाका ४,६६० मीटरवर आहे. जीप तिथवर जाते, कुंपण दिसतं, पलीकडची चिनी इमारत दिसते. पाऊल टाकायला चीनचा व्हिसा आणि तिबेटचा वेगळा परवाना लागतो. फोटो अलीकडून काढा.

थांबे घेत, वाटेतल्या घामी गावात एक रात्र काढत जायचं तर गोवा ते गोवा अकरा-बारा दिवस धरा. तेवढी रजा कुणाकडे आहे ते सांगा, मी एजन्सीशी बोलतो. सातच दिवस असतील तर मुक्तिनाथ करू, कागबेनीला राहू. आणि काकी, तुमचं मतदार कार्ड माहेरच्या नावाचं आहे. तिकीट त्याच नावाने काढायला सांगा.