वॉशेबल म्हणजे नेमकं किती वेळा?

आमच्या स्वयंपाकघरात स्विचबोर्डच्या बाजूला तळहाताएवढा एक तुळतुळीत चट्टा आहे. बाकीची भिंत मऊसूत मॅट, आणि मधेच तेवढा तुकडा उजेडात चमकतो. येणाराजाणारा विचारतो, "डाग पडला का गं?" डाग केव्हाच गेला. तो पुसून पुसून मीच तिथे पॉलिश करून ठेवलंय.

रंग आणला तेव्हा डब्यावर ठळक अक्षरांत 'वॉशेबल' लिहिलेलं होतं. माझं वाचन तिथेच संपलं. पुढचा आठवडा शेड कार्ड मांडीवर घेऊन बसले होते. हा फिकट बरा की तो, खिडकीजवळ कसा दिसेल, दिव्याखाली कसा दिसेल. घरातल्या प्रत्येकाचं मत घेतलं, आणि त्यात एकमत झालं याचंच मला केवढं कौतुक! आता कुणी विचारलं तर सांगते, स्वयंपाकघराला शेड सगळ्यात शेवटी निवडा. आधी विचारा, हे वॉशेबल कशाने पुसलं तर आणि किती वेळा पुसलं तर?

कारण ओलं फडकं हलक्या हाताने फिरवल्यावर रंग हाताला आला नाही, एवढ्यावरही डब्यावर तो शब्द छापता येतो. युरोपात याला मोजपट्टी आहे. ईएन १३३०० या मानकात घरातल्या भिंतींच्या रंगांचे ५ वर्ग केलेत. रंग लावून २८ दिवस वाळू द्यायचा, मग ओल्या खरखरीत पॅडच्या २०० फेऱ्या मारायच्या आणि थर किती झिजला ते मोजायचं. ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी झिजला तर वर्ग १. ५ ते २० असेल तर वर्ग २. २० ते ७० असेल तर वर्ग ३. सुकलेल्या रंगाचा एक हात साधारण ३०-४० मायक्रॉनचा असतो, म्हणजे वर्ग ३ मधला रंग या घासण्यात अख्खा एक हात गमावू शकतो. खालच्या दोन वर्गांना तर २०० फेऱ्या झेपतच नाहीत, त्यांची परीक्षा ४० फेऱ्यांवरच उरकतात. दुकानात हा वर्ग विचारून बघा. डब्यावर नसेल तर त्या रंगाच्या तांत्रिक माहितीपत्रकात वर्ग किंवा स्क्रबच्या फेऱ्यांचा आकडा बहुतेक वेळा सापडतो.

मॅट एवढा नाजूक का, हे मला उशिरा कळलं. रंगात दोन मुख्य गोष्टी: भुकटी (पांढरी नाहीतर रंगीत) आणि तिला धरून ठेवणारा बाइंडर, म्हणजे समजा डिंक. डिंक भरपूर असला की भुकटीचा कण न् कण त्यात बुडतो, वरचा पापुद्रा सलग आणि गुळगुळीत होतो, उजेड परततो, चमक येते. स्वस्त मॅटमध्ये भुकटी जास्त नि डिंक कमी. कण अर्धवट उघडे राहतात, मधे बारीक भोकं राहतात, आणि तेलाचा शिंतोडा त्या भोकांतून आत जाऊन बसतो. घासायला गेलं की वर आलेले कण सपाट होतात. झालं, चट्टा तयार! हल्ली भारी मॅटही वर्ग १ चे मिळतात, त्यांचा थर फारसा झिजत नाही हे खरं. पण मॅट तो मॅट, एकाच जागी रोज बोळा फिरला की कमीजास्त चमक धरतोच. गडद शेड असेल तर लांबूनही दिसते.

म्हणून माझं मत सॅटिनला, म्हणजे मॅट आणि चकचकीत ग्लॉस यांच्या मधल्या हलक्या चमकीला, तेही शुद्ध अॅक्रिलिक इमल्शनमधल्या (पाण्यातला रंग, ज्यातला डिंक अॅक्रिलिकचा). पूर्ण ग्लॉस मात्र नको. गवंड्याचा हात जिथे जिथे हलला असेल ते सगळं तो आडव्या उजेडात चव्हाट्यावर मांडतो. ऑइलपेंट कणखर, मान्य. पण जिथे उजेड पोचत नाही तिथे, कपाटाआड वगैरे, तो पिवळा पडत जातो. शिवाय सिमेंटच्या ताज्या गिलाव्यातल्या अल्कलीने त्याच्या तेलाचा अक्षरशः साबण होतो. साबणाच्या कारखान्यात जे घडवतात, ते आपल्या भिंतीवर फुकट.

आता रंगाच्या खालचं, कारण माझी खरी चूक तिथे झाली. चालत्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तेलाचा पातळ थर असतो, डोळ्यांना न दिसणारा. ओट्याच्या वर बोट फिरवा, कळेल. त्यावर पाण्यातला रंग कितीही महागाचा लावा, तो भिंतीला चिकटतच नाही, तेलाला चिकटतो. वर्षाभरात पोपडे. आमच्याकडे रंगारी म्हणाला, "ताई, पॉलिश पेपर मारला की झालं," आणि मीही हो म्हटलं. पेपरने ते तेल भिंतीभर सारवलं गेलं. आधी कोमट पाणी आणि डिटर्जंटने धुवायचं, खालून वर, म्हणजे ओघळांचे पट्टे उठत नाहीत. मग साध्या पाण्याने दोनदा, कारण मागे राहिलेला साबणही रंगाला धरू देत नाही. पूर्ण वाळल्यावर पेपर, मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात. घर जुनं असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा कोरडं घासून धूळ उडवू नका.

लांबी, म्हणजे भिंत सपाट करणारी पुट्टी, पातळच भरून घ्या. ती भुसभुशीत असेल तर वरचा वर्ग १ चा रंग तिच्यासकट निघून येतो. रंगात पाणी किती घालायचं तेही डब्यावर लिहिलेलं असतं. रोलर हलका फिरावा म्हणून त्याहून जास्त घातलं की पापुद्रा पातळ होतो.

शेगडीच्या मागे रंग लावूच नका. तिथे टाइल, काच नाहीतर स्टील. सिंकजवळ बुरशी येत असेल तर बुरशीरोधक रंग काही दिवस तग धरेल, पण वाफ बाहेर जायला वाट नसेल तर बुरशी परत येणार.

आणि थांबणं! रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, चारेक तासांत दुसरा हात मारता येतो. आतून घट्ट व्हायला मात्र काही आठवडे लागतात. मी चौथ्या दिवशी स्क्रबरची हिरवी बाजू घेऊन त्या डागाच्या मागे लागले होते.

उरलेल्या डब्यातला रंग त्या चट्ट्यावर लावून पाहिला. आता चट्ट्याभोवती ठिगळही दिसतं.

या वेळी फ्रिजच्या मागची भिंत धुऊन, प्रायमर मारून दोन वेगवेगळ्या सॅटिनचे हातभर तुकडे रंगवलेत. खाली पेन्सिलने तारीख घातलीय. २८ दिवस झाले की दोन्हींवर तेल लावणार आणि ओल्या फडक्याने मोजून घासणार. शेड कार्ड तोवर नवऱ्याने लपवून ठेवलंय.