मोबाईलवर लक्ष लागतं, मग अभ्यासात का नाही? – तासगावच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

आमच्या घरातल्या एडीएचडीबद्दल (लक्ष हवं तिथे टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं अशी, मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था), म्हणजे लेकीच्या आणि तिच्या पाठोपाठ निदान झालेल्या माझ्या नवऱ्याच्या, मी जे लिहिलं त्यावर आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपण मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात, शेकडो मुलं आपल्या हाताखालून गेली. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला पटेना. आपलं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या काळी असलं काही नव्हतं; दोन फटके दिले की पोरं वळणावर यायची; तासन्‌तास मोबाईल बघणाऱ्या मुलीचं लक्ष लागत नाही म्हणणं म्हणजे आळस झाकणं; आणि गुंगीची गोळी देऊन लेकराला गप्प बसवणं हे पाप.

मोबाईलचं आधी घेते, कारण सगळ्यांत जोर त्याच मुद्द्यात आहे. माझ्या सासूबाईही हेच म्हणायच्या.

एडीएचडी असलेल्या लोकांकडे लक्ष असतंच, सर. ते कशावर लावायचं आणि कशावरून काढायचं, हे त्यांच्या हातात पुरेसं नसतं. हे काम प्रामुख्याने मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतं आणि त्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा आहे. कामातून लगेच काहीतरी मिळत असेल, तर गाडी चालते. फळ आठवड्यानंतर मिळणार असेल, तर काम कळतं, पटतं, करायचंही असतं, पण सुरूच होत नाही.

आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. सौद्याच्या दिवशी ह्यांना बघा. हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा, बोली करणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं की हा अजून चढणार की इथेच थांबणार. दुपार टळली तरी पाण्याची आठवण नाही. त्याच माणसाला संध्याकाळी शेतकऱ्याची पट्टी करायला बसवा. हमाली, तोलाई वजा करून रक्कम काढायची, एवढंच काम. कागद समोर, पेन हातात, आणि हे कुठल्या तरी जुन्या वहीत काहीतरी शोधत बसलेले. मग रात्री अंथरुणात, ‘कडेगावच्या माणसाची पट्टी राहिली’ म्हणून कूस बदलत राहायचं. आळशी माणसाला झोप लागते, सर. ह्यांना कित्येक वर्षं लागत नव्हती.

आता ढीग विकला गेला की तिथल्या तिथे पट्टी होते. दिवाणजी शेजारी बसतात. ते काही सांगत नाहीत, विचारत नाहीत, आपली खतावणी लिहीत असतात. नुसतं कुणीतरी जवळ बसून काम करतंय, एवढ्यानेच ह्यांचं काम पुढे सरकतं. खिशात चिठ्ठी ठेवायची नाही, जे असेल ते भिंतीवरच्या फळ्यावर. गजर लावायचा तो निघायच्या वेळेचा नव्हे, आवरायला घ्यायच्या वेळेचा. एवढ्याने घरातली निम्मी भांडणं बंद झाली, हे मी अगदी खरं सांगते.

‘आमच्या काळी नव्हतं’ याबद्दल. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनमधल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं ते १९०२ साली: बुद्धी शाबूत, पण स्वतःला आवरता न येणारी. आपल्याकडेही ती होतीच. त्यांचं काय झालं हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. सातवी-आठवीपर्यंत हजेरीत नाव, मग कुणी गॅरेजात, कुणी ट्रकवर क्लीनर. मुली तर कुणाच्या ध्यानातच आल्या नाहीत, कारण खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी वर्गाला त्रास देत नाही. माझी लेक तशीच. ‘हुशार आहे, पण धांदरट’ हा शेरा तिच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी ठरलेला.

फटक्याने मूल गप्प बसतं, हे आपण पाहिलंय आणि ते खोटं नाही. भीतीसुद्धा लगेच जाणवणारी गोष्ट आहे, म्हणून त्या घटकेपुरतं लक्ष जागेवर येतं. उद्या पुन्हा तेच. दरम्यान मूल एकच गोष्ट पक्की शिकतं, की आपण वाईट आहोत. अमेरिकेतल्या एका अभ्यासात २००७ मध्ये दिसलं, की मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी ज्या टप्प्याला पोचते, तिथे पोचायला या मुलांना साडेदहा वर्षं लागतात. जे अजून तयारच व्हायचंय ते मारून कसं बाहेर काढणार? आणि मोठेपणी सगळ्यांचंच हे सुटतं असंही नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात निघतो. लेकीच्या तपासणीत डॉक्टर प्रश्न विचारत होते आणि हे शेजारी बसून हळूहळू गप्प होत गेले, ते त्यामुळेच.

गोळीबद्दल मात्र आपली माहिती चुकीची आहे. एडीएचडीसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट गुंगी आणत नाही, ते उत्तेजक औषध आहे. ते काही तास टिकतं. त्याने भूक कमी होऊ शकते, झोपेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून वजन, उंची, रक्तदाब बघत राहावं लागतं. चिठ्ठीशिवाय ते मिळत नाही आणि मिळूही नये. प्रत्येकाला गोळी लागतेच असंही नाही. माझी लेक ती घेते आणि पूर्वीइतकीच बडबडते. फरक इतकाच, की गणित अर्ध्यात सोडून उठत नाही.

एक गोष्ट आपली शंभर टक्के बरोबर आहे. हल्ली रील बघून जो तो ‘मला एडीएचडी आहे’ म्हणतो, त्याचा मलाही राग येतो. निदानाला कसोटी आहे: दुर्लक्षाच्या किंवा अतिचंचलतेच्या यादीतल्या नऊपैकी किमान सहा लक्षणं, किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी, आणि त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून. सतरा वर्षांच्या आणि त्यापुढच्यांना पाच पुरतात. ते रोजच्या जगण्याच्या आड येत असेल, तरच. रक्ताच्या तपासणीत किंवा स्कॅनमध्ये हे दिसत नाही. जाणकाराने बसून, आईवडिलांना आणि शिक्षकांना विचारूनच ठरवायचं असतं.

शेवटी आपण नातवाचं लिहिलंय, तोही ‘असाच’ आहे आणि आपल्या धाकाने सरळ येतोय. मी त्याला पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला काय आहे ते मी सांगणार नाही. त्याच्या वर्गशिक्षकांना वर्गात काय दिसतं ते कागदावर लिहून द्यायला सांगा आणि तो कागद घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे जा. मिरज आपल्याला लांब नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तोवर त्याला एका वेळी एकच काम सांगा, जवळ जाऊन, त्याच्या डोळ्यांत बघून. आणि अभ्यासाला बसला की आपण शेजारी आपला पेपर वाचत बसा.