‘कंपोस्टेबल’ म्हणजे कुठेही कुजणारं नव्हे
तुमच्या लेखात पीएलए या मक्यासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकबद्दल ‘पीएलएचा कप मातीत पुरला की काही महिन्यांत नाहीसा होतो’ असं म्हटलंय, ते कृपया दुरुस्त करा. पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्या आधी पाण्याने तुटाव्या लागतात, मगच जिवाणूंना त्या खाता येतात; आणि हे तुटणं ५८ अंश सेल्सिअसच्या आसपासच वेगाने होतं. ‘कंपोस्टेबल’ या प्रमाणपत्राची चाचणीही अशाच गरम ढिगात होते: १२ आठवड्यांनी २ मिमीच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत. बादलीतलं घरगुती खत इतकं तापून तशा तापमानाला टिकतच नाही, ढीग निदान घनमीटरभर तरी हवा. म्हणून कप जसाच्या तसा बाहेर निघतो, फार तर कडा ठिसूळ झालेल्या. अस्तर नसलेला साधा पुठ्ठा मात्र बोटभर तुकडे करून, भिजवून खुशाल टाका.