संपलं, पण झालं का?

प्रश्न साधा असतो : रात्रीचं काम झालं का? माणसाला विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो, ‘नाही’ म्हणतो, किंवा ‘बघून सांगतो’ म्हणून दोन दिवस गायब होतो. तिन्ही उत्तरं समजतात. हाच प्रश्न पायथनमधून, बोटो३ या लायब्ररीमार्फत, ॲमेझॉनच्या ग्लू या डेटा गोळा करून घडवणाऱ्या सेवेला विचारला की उत्तरादाखल एक डिक्शनरी, म्हणजे नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा संच, येते. तिच्या पोटात डिक्शनरी, तिच्या पोटात यादी, आणि यादीतल्या प्रत्येकीच्या पोटात पुन्हा डिक्शनरी. ‘हो’ कुठेच नसतं.

बोटो हे ॲमेझॉन नदीतल्या गोड्या पाण्याच्या डॉल्फिनचं नाव. डॉल्फिन हुशार आणि खेळकर असतो म्हणतात. हुशारीबद्दल वाद नाही. खेळकरपणा ‘गेट_वर्कफ्लो’ या फंक्शनला मारलेल्या पहिल्याच हाकेत कळतो. (वर्कफ्लो म्हणजे ग्लूमधल्या जॉबांची, म्हणजे कामांची, ठरवून दिलेली साखळी.) कंसात नुसतं वर्कफ्लोचं नाव दिलं, की फंक्शन सांगतं, मी फक्त कीवर्ड आर्ग्युमेंट घेतो. बरं बाबा, म्हणून ‘नेम’ बरोबर अमुक असं लिहावं, तर एकदम दोन तक्रारी येतात : ‘नेम’ हा आवश्यक पॅरामीटर दिलेला नाही, आणि ‘नेम’ हा पॅरामीटर ओळखीचा नाही. देवनागरीत या भांडणाचा अर्थच लागत नाही, कारण भांडण एका कॅपिटल अक्षराचं आहे. फंक्शनचं नाव पायथनच्या रीतीने स्मॉल अक्षरांत आणि अंडरस्कोर घालून. पॅरामीटर मात्र मूळ सेवेच्या रीतीने कॅपिटल अक्षराने सुरू. आपल्याला काय म्हणायचंय हे लायब्ररीला पक्कं कळलेलं असतं, शक्य पॅरामीटरांची यादीही तीच देते, पण करत मात्र नाही. आणि हे सगळं आपल्याच मशीनवर चालतं. सर्व्हरपर्यंत अजून काही गेलेलंच नसतं.

सर्व्हरपर्यंत पोचलं की ‘एंटिटी नॉट फाउंड’. वर्कफ्लो समोर ॲमेझॉनच्या कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या पानावर, दिसतोय, नाव कॉपी करून आणलंय, आणि तरी असा वर्कफ्लो नाही! इथे नावाकडे पुन्हा पुन्हा बघण्यात वेळ घालवू नये. ग्लूचे वर्कफ्लो त्या त्या खात्याच्या त्या त्या रीजनपुरतेच, म्हणजे ॲमेझॉनच्या सर्व्हरांच्या त्या त्या भौगोलिक विभागापुरतेच, असतात. आपल्या कोडमधला क्लायंट (सेवेशी बोलणारा बोटो३चा दूत) भलत्याच रीजनचा असेल तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ‘रीजन_नेम’ स्वतःच्या हाताने द्यावं. तरीही सापडलं नाही तर एसटीएस या ओळख पटवणाऱ्या सेवेच्या ‘गेट_कॉलर_आयडेंटिटी’ला विचारावं, मी कोण? क्रेडेन्शियल, म्हणजे खात्याच्या किल्ल्या, कोडमध्ये, एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये आणि फाइलमध्ये अशी ठिकठिकाणी शोधली जातात आणि जी आधी सापडतील ती लागू होतात. त्यामुळे आपण जो समजतो त्याच खात्यात आहोत याची हमी नाही. परवानगीचं दुखणं त्यामानाने सरळ. नकाराच्या संदेशात कोणती कृती अडली तिचं नाव लिहिलेलं असतं. फक्त वर्कफ्लो बघण्याची परवानगी वेगळी आणि त्याची एखादी धाव बघण्याची वेगळी, म्हणून ही पायरी दोनदा चढावी लागते.

एकदाचं उत्तर येतं. त्यात ‘वर्कफ्लो’, त्यात ‘लास्टरन’, त्यात ‘स्टेटस’, आणि तिथे लिहिलेलं असतं : कम्प्लीटेड.

इथे लोक हुश्श करतात, लॅपटॉप मिटतात आणि फसतात. कम्प्लीटेडचा अर्थ धाव संपली, एवढाच. आतले जॉब पडले असले तरी धाव संपतेच. स्टेटसला त्याचं सोयरसुतक नाही. खरी हकिकत शेजारच्या ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये, आकड्यांत असते : एकूण कृती, यशस्वी, फसलेल्या, वेळ संपल्याने तुटलेल्या, थांबवलेल्या, चालू, चुकीत अडकलेल्या, ताटकळलेल्या. नुसता ‘फेल्डॲक्शन्स’ शून्य बघूनही समाधान मानू नये, कारण टाइमआउट झालेला जॉब तिथे नव्हे, ‘टाइमआउटॲक्शन्स’मध्ये बसलेला असतो. अपयशाचे इतके खण करण्याएवढी कल्पकता असलेल्यांनी कम्प्लीटेडऐवजी दुसरा शब्द का शोधला नाही, हे मला कोडं आहे.

वर्कफ्लो नवाकोरा असेल, एकदाही धावलेला नसेल, तर ‘लास्टरन’ रिकामा येत नाही. ती ‘की’, म्हणजे डिक्शनरीतलं ते नावच, उत्तरात नसतं. चौकोनी कंसाने मागितलं की ‘कीएरर’. म्हणून गुमान डिक्शनरीचं ‘गेट’ वापरावं, ते नाव नसलं तरी बोंब मारत नाही. त्यातून ‘लास्टरन’ म्हणजे शेवटची धाव, रात्रीची नव्हे. सकाळी कुणी हौसेने पुन्हा बटण दाबलं असेल तर तिथे ‘रनिंग’ दिसतं आणि रात्रीचं पाप झाकलं जातं. ‘गेट_वर्कफ्लो_रन्स’ने सगळ्या धावा आणून ‘स्टार्टेडऑन’वरून आपली निवडणं बरं.

आता पडलं कोण? त्यासाठी त्या धावेचा आयडी घेऊन ‘गेट_वर्कफ्लो_रन’ला हाक मारायची आणि ‘इन्क्लूडग्राफ’ ट्रू द्यायचं. ते दिलं नाही तर ग्राफ, म्हणजे साखळीचा नकाशा, येत नाही आणि का आला नाही हेही कुणी सांगत नाही. ग्राफमध्ये नोड, म्हणजे ठिपके, तीन जातींचे : ट्रिगर (पुढचं सुरू करून देणारा), जॉब, आणि क्रॉलर (डेटा चाळून त्याची रचना नोंदवणारा). जॉबच्या तपशिलात ‘जॉबरन्स’ ही यादी असते. तिच्यात प्रत्येक प्रयत्नाची अवस्था आणि पडला असेल तर ‘एररमेसेज’. क्रॉलरची भाषा वेगळी, तिथे ‘क्रॉल्स’ आणि ‘स्टेट’. नोड कशाला जोडलाय हे ‘एजेस’, म्हणजे जोडरेषा, सांगतात, पण नावाने नाही, लांबलचक आयडीने. आधी आयडीवरून नाव सांगणारी डिक्शनरी बांधायची आणि मगच वाचायला बसायचं. जो जॉब आधीच्याच्या यशाची वाट बघत होता, तो फसत नाही. तो सुरूच होत नाही. लाल खुणा शोधणाऱ्या कोडच्या नजरेतून तो सहज निसटतो.

वर्कफ्लो पुष्कळ असतील तर ‘लिस्ट_वर्कफ्लोज’ एका खेपेला जास्तीत जास्त २५ नावं देते आणि सोबत ‘नेक्स्टटोकन’. टोकन परत न देणाऱ्याच्या जगात सव्विसावा वर्कफ्लो जन्मालाच आलेला नसतो. ‘बॅच_गेट_वर्कफ्लोज’ही २५ नावं घेते, आणि न सापडलेली नावं एररबिरर न देता ‘मिसिंगवर्कफ्लोज’मध्ये गुपचूप ठेवून देते.

शेवटी वेळ. उत्तरातल्या वेळांना टाइमझोन चिकटलेला असतो. त्यांची तुलना साध्या ‘डेटटाइम.नाऊ’शी केली की पायथन दोघांना एका पंक्तीला बसवायला नकार देतो. टाइमझोनसह ‘नाऊ’ घेतलं की तुलना जमते, पण छापलेली वेळ लॅपटॉपवर एक आणि सर्व्हरवर दुसरी दिसते, कारण बोटो३ ती चालत्या मशीनच्या झोनमध्ये दाखवते. क्षण तोच, आकडे वेगळे. त्यात ग्लूच्या ट्रिगरचं क्रॉन, म्हणजे वेळापत्रक, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत चालतं. तेव्हा ‘रात्री’ कुणाची, हे आधी ठरवून घ्यावं.

हे सगळं जमवून निकाल जेसन या मजकुराच्या साच्यात पाठवायला जावं, तर ‘जेसन.डम्प्स’ म्हणतं, डेटटाइम मला लिहिता येत नाही. ‘डिफॉल्ट’ला ‘एसटीआर’ द्यावं, निघतं. तीनशे ओळींचं जेसन रवाना होतं आणि उलट टपाली एका ओळीचा प्रश्न येतो : म्हणजे झालं ना?